पाहुण्याचं पाणी

"दात दाखव," सर म्हणाले.

चंद्रपूरचा मे महिना. कॉलेजचा हॉल, दोन कूलर, वीस-बावीस पाहुणे. काही नागपूरचे, काही हैदराबादचे, एक बाई दिल्लीच्या. मी चहाचा ट्रे ठेवून मागं सरकत होते, तेव्हा सरांनी बोटानं बोलावलं. टेबलावर पांढऱ्या कापडावर पाणी तपासायच्या चाळीस चिपा मांडल्या होत्या. चाळीसच्या चाळीस माझ्या हातच्या. मला वाटलं, आता सांगतील. ही आमची मुलगी, हे हिचं काम, असं काहीतरी.

"दात दाखव. लाजू नको."

मी तोंड उघडलं.

सर इंग्रजीत बोलू लागले. मला समजलं तेवढं सांगते. हे तपकिरी पट्टे बघा. पाण्यातलं फ्लोराइड लहानपणी दातात बसतं आणि जन्मभर निघत नाही. आमची चिप ज्याच्यासाठी आहे ते हेच. एक गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळ आले. त्यांच्या तोंडाला वेलचीचा वास होता. दाताचा डॉक्टरसुद्धा आधी बस म्हणतो. दिल्लीच्या बाईंनी फोटो काढला, नीट आला नाही म्हणून दुसरा काढला. तोवर माझं तोंड उघडंच. जबडा दुखायला लागला, लाळ जमली, गिळायची चोरी.

मग सर म्हणाले, झालं, चहा दे सगळ्यांना.

मी दिला. मी काही सुनावलं असेल असं कुणाला वाटलं असेल तर तसं झालं नाही. मी तोंड मिटलं आणि सगळ्यांना चहा दिला, साखर कमी-जास्त विचारून दिला. मी पत्रकं लिहिते. पत्रकात 'आम्ही' लिहायची सवय असते. आम्ही सहन करणार नाही, आम्ही इशारा देतो. हे 'मी'चं लिखाण आहे. इथं मी सहन केलं.

का केलं, ते सांगते.

आमचं गाव वरोऱ्याकडचं. गावाला एक जुना मोठा तलाव. आम्ही ढिवर. बाबा जाळं टाकतात, माय मासोळी पाटीत घेऊन गावोगाव विकते. मी जन्मले तेव्हा मोहल्ल्यात नवीन बोरिंग झाली होती. बोरिंग म्हणजे हातपंप. नारळ फोडून, हार घालून. घरासमोर पाणी आलं म्हणून बायांनी गाणी म्हटली होती, असं माय सांगते. आम्ही त्या बोरिंगचं पाणी पिऊन वाढलो. आमचे सगळ्यांचे दात तपकिरी आले. दात पांढरे असतात हे मी कॅलेंडरवरच्या बाईच्या तोंडात पहिल्यांदा पाहिलं. तिसरीत असताना बदलून आलेल्या गुरुजींनी मला उभं करून विचारलं, खर्रा खातेस का गं? सुपारी-तंबाखूचा खर्रा. वर्ग हसला. हसणाऱ्यांचे दातही तसेच.

दाताचं एक वेळ चाललं असतं. माझी धाकटी बहीण बेबी. तिचे पाय गुडघ्यापासून बाहेर वाकत गेले. आठव्या वर्षी ती मांडी घालून बसू शकत नव्हती. तलावाच्या पाळीवरून उतरायचं तर बसून, घसरत घसरत उतरायची आणि वर बघून हसायची, म्हणजे आम्हाला वाटावं खेळतेय. मोहल्ल्यात असे सहा-सात पाय होते. बाहेरचे म्हणायचे, एकाच रक्ताचे लोक, वाण लागला.

बारावी सायन्स होईतो मला कळलं होतं की हा वाण नाही, पाणी आहे. तालुक्याच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाबूनं खुर्ची दिली नाही, पण नियम सांगितला. पाणी खराब असल्याचा कागद आणा, त्यावर तपासणी करणाऱ्याची सही आणा. मग बोरिंगला लाल रंग लागेल, म्हणजे हे पाणी पिऊ नका ही खूण. लाल रंग लागला की गावाचं नाव नळाच्या यादीत चढेल. बाटली भरून जिल्ह्याला पाठवली. दोनदा पाठवली. उत्तर नाही. तिसऱ्यांदा सांगितलं, बाटलीच मिळाली नाही.

त्याच उन्हाळ्यात मला सरांच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. काचेची भांडी धुणं, झाडणं, पुसणं.

सरांबद्दल खोटं लिहिणार नाही. पिपेट धरायला त्यांनी शिकवलं. कुठल्या रंगात काय मिसळलं की काय होतं आणि का होतं, हे भांडी धुणाऱ्या पोरीला सांगायची त्यांना काही गरज नव्हती, तरी सांगितलं. त्यांच्या डोक्यात एक वेड होतं. परदेशात काचेवर केसाएवढ्या नाल्या कोरून त्यातून थेंबभर पाण्याची तपासणी करतात. त्या चिपेला बंद खोल्या, कोट्यवधींची यंत्रं लागतात. सरांना तीच चिप प्लास्टिकची हवी होती, वरोऱ्याच्या बाजारात मिळणाऱ्या सामानातून, चहाच्या कपाच्या किमतीत.

गाड्यांच्या नंबरप्लेटा बनवणाऱ्याच्या दुकानातून ॲक्रिलिकचे तुकडे मी आणायची. तुकड्यावर बारीक तार ठेवायची, दोन्हीकडून काच, वर चिमटे, आणि ओव्हनमध्ये. प्लास्टिक मऊ झालं की तार आत दबते, काढली की नाली उरते. इथपर्यंत जमत होतं. पण नाली उघडी. तिच्यावर दुसरा तुकडा झाकण म्हणून चिकटवायचा तर पुन्हा गरम करावं लागे, आणि गरम केलं की नालीच बुजून जाई. डिंक लावला तर डिंक आत शिरे. सहा महिने हेच. सर चिडचिड करायचे, मी फेकलेले तुकडे वेचायची.

मी ढिवराची पोर. जाळं विणताना नायलॉनचा दोरा गाठीत अडकला की काय करतात ते मला माहीत होतं. मी लहान असताना असाच अडकलेला दोरा ओढत होते तेव्हा बाबा म्हणाले होते, "झटका नोको देऊ. ताण दे. ताणलं का दोरा बारीक होते, मंग आपोआप निसटते."

मी घरून बाबांच्या जाळ्याचा सगळ्यात बारीक दोरा आणला. नालीत तो ठेवला, तेल लावून. वर झाकण, चिमटे, ओव्हन. प्लास्टिक मऊ होतं तेवढ्या उष्णतेनं नायलॉनला काही होत नाही. दोरा आत असल्यानं नाली बुजली नाही. गार झाल्यावर टोक धरून हळू ताण दिला. दोरा बारीक झाला. निसटला. आत नाली उभी.

सरांनी ती चिप उजेडात धरली. बराच वेळ. मग माझ्या पाठीवर थाप मारली. पुढं त्या युक्तीला एक इंग्रजी नाव मिळालं आणि सरांचा लेख छापून आला. लेखाच्या शेवटी मदतीबद्दल आभार होते. वीज विभागाचे, ग्रंथालयाचे. माझं नाव कुठं असेल म्हणून मी तीनदा वाचलं.

चिप अशी होती. काडेपेटीएवढी. दोन नाल्या येऊन एकीत मिळतात. एका तोंडातून सिरिंजनं पाणी सोडायचं, दुसऱ्यातून गुलाबी रंग. दोघं मिळाले की बघायचं. गुलाबी राहिलं तर पाणी ठीक. पिवळं पडलं तर फ्लोराइड. आमच्या बेबीलासुद्धा वाचता येईल असा निकाल.

म्हणून मी तोंड उघडलं होतं. दुसऱ्या दिवशी हेच पाहुणे जीपमध्ये बसून आमच्या गावाला येणार होते, चिप गावात चालते का हे बघायला. सरांनी आमचं गाव निवडलं ते माझ्या दातांमुळंच. दिल्लीच्या लोकांसमोर चिप पिवळी पडेल, सरांच्या सहीचा कागद होईल, तो तालुक्याला जाईल, लाल रंग लागेल. मी मनात हिशेब केला, दात दाखवले.

बाजाराला आलेल्या आमच्या गावच्या बाईजवळ मी मायला निरोप धाडला. उद्या आपलं पाणी पाहाले मोठे पाहुणे येतात, पाणी तयार ठेव.

हा निरोप माझा. हे विसरू नका.

जीपा पोचल्या तेव्हा आमचं अंगण शेणानं सारवलेलं. खाटेवर नवी चादर. मायनं लग्नातलं लुगडं नेसलेलं. कुंपणाला शेजारची काशीबाई उभी. तिनं माझ्याकडं बघून म्हटलं, "काय वं, पाणी पाहाले आले का पोरगी पाहाले?" बाया हसल्या. मीही हसले. कित्येक दिवसांनी हसले.

मी टेबल लावलं, चिपा मांडल्या, रंगाची बाटली काढली. बेबी माझ्या ओढणीचं टोक धरून उभी. सरांनी पाणी मागितलं. मायनं घरातून पाण्याचा पितळी गुंड दोन्ही हातांनी धरून आणला, घासून सोन्यासारखा केलेला. तिनं स्वतः पेल्यात ओतून दिलं. सरांनी सिरिंज भरली. मी चिप धरली.

गुलाबी.

मला वाटलं, नाली तुंबली. दुसरी घेतली. गुलाबी. तिसरी. गुलाबी.

पाहुणे वाकून बघत होते. वेलचीवाले गृहस्थ म्हणाले, हे तर चांगलं पाणी आहे. मग या मुलीच्या दातांचं काय?

मागून कुणीतरी म्हणालं, "खर्रा."

हसले सगळे. वाईट मनानं नाही, उन्हातून आल्यावर माणसं हसतात तसे. सर लगेच सावरले. म्हणाले, बघा, चिप खरं बोलली. चांगल्याला चांगलं म्हणाली. आधीच वाईट निघणार असं धरून चाललो असतो तर ते विज्ञान झालं नसतं. टाळ्या पडल्या. आमच्या अंगणात टाळ्या.

मायला एवढंच कळलं की आपलं पाणी पास झालं. ती आनंदानं सगळ्यांना पेले देऊ लागली. सरांच्या माणसानं कागद पुढं केला. 'नमुना देणार' असं लिहिलेल्या जागी तिनं अंगठा दिला.

तेव्हा मला उघड्या दारातून आत, चुलीच्या ओट्यावर, पांढरा खडा दिसला.

आमच्या बोरिंगचं पाणी थोडा वेळ ठेवलं की लालसर होतं, गाळ धरतं. रोज आम्ही फडक्यानं गाळून तसंच पितो. पण पाहुणा आला, घरात लग्न निघालं, की आदल्या दिवशी पाणी भरून त्यात तुरटी फिरवायची. वरचं नितळ पाणी वेगळ्या गुंडात काढायचं. तेच पाहुण्याला द्यायचं. आमच्या मोहल्ल्यात पोरीला हे स्वयंपाकाच्या आधी शिकवतात.

"माय, तुरटी फिरवली का?"

"नाई त का! पाहुण्याले का लाल पाणी देऊ? तूच त सांगतलं तयार ठेव म्हणून."

तुरटीत ॲल्युमिनियम असतं. ते फ्लोराइडला धरून बसतं, रंगापर्यंत जाऊच देत नाही. पाणी तेच, विष तेच, रंग मात्र गुलाबीचा गुलाबी. हे मला सरांनीच शिकवलं होतं, फळ्यावर, पावसाळ्यातल्या एका दुपारी.

मी बाटली घेऊन बोरिंगवर पळाले. हापसलं, भरली, धापा टाकत सरांसमोर धरली. सांगितलं की आईनं तुरटी फिरवली होती, हे कच्चं पाणी आहे, हे तपासा. सर केमिस्ट्रीचे माणूस. त्यांना अर्ध्या वाक्यात कळलं. त्यांना कळलेलं मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. न कळलं असतं तर मी त्यांना माफ केलं असतं.

त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. हळू आवाजात, समजुतीनं बोलले. एका गावात एक तुरटीचा खडा चिपेला फसवतो असं या लोकांना दिसलं तर सगळंच बुडेल. पुढच्या वर्षीचं अनुदान, तुझी नोकरी, सगळं. महिन्या-दोन महिन्यांनी आपण दोघंच येऊ, पुन्हा तपासू. मग त्यांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला. मायच्या अंगठ्याखाली एक जागा रिकामी होती. 'चाचणी करणार'.

"इथं तुझं नाव लिही. तुला हवं होतं ना?"

हवं होतं. फार हवं होतं. आमच्या घराण्यात कुणाचं नाव असल्या जागेवर आलं नव्हतं. मी पेन घेतलं. पेन हातात घेऊन मी विचार केला, हे लपवत नाही. कागदावर वर लिहिलं होतं, पाणी पिण्यायोग्य. त्याखाली मायचा अंगठा, अजून ओला. बेबी जीपच्या चाकाला टेकून उभी होती, पाय दुखले की ती अशी टेकते.

मी पेन ठेवलं.

"मी सही नाही करत."

"महिन्याभराचा तर प्रश्न आहे."

"कागद आज जाते, सर. आन् बेबी महिनाभर हेच पाणी पिते."

"मग तुरटी टाकून प्या तोवर. तुझ्या आईला जमतं की."

"नुसती तुरटी फिरवून फ्लोराइड जात नाही. लपते. तुम्हीच शिकवलं."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू बशी बोलली. मग पेन उचललं आणि स्वतःची सही केली. जीपा निघाल्या. मला जीपमध्ये बस म्हणाले. मी बसले नाही. माझी पिशवी त्यांच्या माणसानं अंगणात ठेवली, ठेवली म्हणजे टाकली.

पिशवीत दोन चिपा, एक सिरिंज आणि थोडा रंग उरला होता. मायच्या, काशीबाईच्या, बेबीच्या समोर मी बोरिंगचं पाणी चिपेत सोडलं. नाल्या मिळतात तिथून रंग फिरला. पिवळा. हळदीसारखा पिवळा. बघायला दिल्ली नव्हती, हैदराबाद नव्हतं. चार बायका होतो आम्ही, त्यातली एक दहा वर्षांची.

मायनं दोनदा समजावून घेतलं. मग खाली बसली. लग्नाच्या लुगड्यानं ओल्या जमिनीवर.

"म्हंजे माह्याच हातानं?"

मी म्हटलं, नाही, निरोप माझा होता. म्हटलं, सरांना कळलं होतं. तिला दोन्हीतलं काहीच ऐकू गेलं नाही. अंगठ्याची शाई ती पदरानं पुसत राहिली.  जिची जीभ मोहल्ल्यात कुणाला सोडत नाही त्या काशीबाईनं ओट्यावरचा तुरटीचा खडा उचलून आपल्या ओच्यात टाकला आणि ती घरी गेली.

पुढचं थोडक्यात सांगते. तालुक्याच्या बाबूनं तोच कागद माझ्यासमोर धरला. गाव तुमचं, अंगठा तुमच्या मायचा, सही प्रोफेसरची, आता तक्रार कसली? मी हळदीएवढी पिवळी चिप त्याच्या टेबलावर ठेवली. यावर सही कुणाची, असं त्यानं विचारलं. माझी म्हटल्यावर त्यानं फाइल बांधली. बरोबर आहे. त्याच्या लेखी मी कोण?

नोकरी गेली. चिपा गेल्या नाहीत. नंबरप्लेटवाला अजून तुकडे देतो. वरोऱ्याच्या एका बेकरीची भट्टी पाव निघाल्यावर हळूहळू निवत जाते, तेवढी उष्णता पुरते. पहिल्या पंधरा चिपा करपल्या. दोरा बाबांचा. रंग एका शाळेच्या सायन्सच्या बाई देतात, पुढं होऊन नाही, पण देतात. कॉलेजची सात-आठ पोरं-पोरी जमलो, पत्रकं काढतो, बोरिंगा तपासतो. आत्तापर्यंत शेजारच्या जिल्ह्यात कुरखेड्यापासून मुलचेऱ्यापर्यंत पायपीट झाली. मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतल्या एका आजीनंही आम्हाला आधी स्वच्छ पेल्यात नितळ पाणी आणून दिलं. मी ते पिऊन घेतलं आणि म्हटलं, आजी, हे पाहुण्याचं झालं. आता तुम्ही पिता ते द्या. आम्ही आता पाणी स्वतः हापसून घेतो, सगळ्यांसमोर. आणि दात कुणाचेही बघत नाही.

आमच्या तलावाच्या वरच्या अंगाला एक जुनी पडीक विहीर आहे. तिचं पाणी गुलाबी निघालं, खरं गुलाबी. बायांनी गाळ उपसला. पण ती लांब. बोरिंग दारात. निम्मा मोहल्ला अजून बोरिंगचंच पितो. माणसं म्हणतात, कागद सांगते चांगलं हाय, प्रोफेसरची सही हाय, मंग तुमी बाया काऊन रान उठवून राह्यल्या? नागपूरच्या डॉक्टरनं बेबीचे पाय बघितले. हाडं आता सरळ होणार नाहीत म्हणाला. ऑपरेशनचं नुसतं बोलला. माय विहिरीवरून पाणी आणते, दिवसाला चार खेपा. पाहुणा आला तर ती उठून आत जाते. पाणी मी देते.

बाबूनं मला नियम सांगितला होता, लाल रंग आधी, नळ नंतर. रंग लावणारा माणूस आमच्या गावाला येणार नाही, कारण त्याच्या कागदावर आमचं पाणी पिण्यायोग्य आहे. ठीक. लाल ऑइलपेंटचा डबा मी विकत आणला आहे. येत्या सोमवारी, बाजाराच्या दिवशी, दुपारी बारा वाजता, सरपंच, तलाठी, पोलीस पाटील यांना आठ दिवस आधी लेखी कळवून, सगळ्या गावासमोर आमच्या बोरिंगला मी लाल रंग लावणार आहे. मुठीपासून बुडापर्यंत.

सरकारी मालमत्ता खराब केली म्हणून मला धरतील. धरावं. माझा जबाब घ्यावा लागेल. रंग का लावला ते मी सांगेन, आणि ते त्यांना लिहून घ्यावं लागेल. पाण्यात काय आहे, तुरटी काय करते, कोणाला काय कळलं होतं, कोणी सही केली. सगळं, ओळीनं. तो कागद तालुक्याला जाईल, जिल्ह्याला जाईल.

त्या कागदावर मी सही करणार. पूर्ण नावानं.